बफिंगचे काम : शिकावे कसे, जपावे काय



नाशिक म्हटले की बाहेरगावच्या माणसाला गोदाघाट आणि द्राक्षे आठवतात. परंतु आपल्या वस्त्यांतून रोज सकाळी डबा घेऊन सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडे निघणाऱ्या शेकडो हातांना वेगळेच नाशिक ठाऊक आहे. मोठ्या कारखान्यांच्या आजूबाजूला पत्र्याच्या लहान लहान शेड आहेत. तेथे जॉबवर्क चालते. कोणी आटे पाडतो, कोणी वेल्डिंग करतो, कोणी प्लेटिंग करतो. आणि एखाद्या कोपऱ्यात, काळ्या पडलेल्या भिंतीजवळ, बफचे चाक फिरत असते.

बफिंगच्या कामाला प्रमाणपत्र मागत नाहीत. ओळखीने गेलो तरी दुसऱ्या दिवसापासून उभे करतात. म्हणून शाळा अर्धवट सुटलेली किंवा कॉलेज करून हातखर्च भागवू पाहणारी आपली अनेक मुले या कामाने सुरुवात करतात. आम्हीही तशीच केली. परंतु हे काम कोणी रीतसर शिकवत नाही. बघून बघून शिकावे लागते, आणि जे बघून कळत नाही ते अंगावर घेऊन शिकावे लागते. तसे अंगावर घेण्याची पाळी पुढच्यांवर येऊ नये, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

घरातलेच तत्त्व

बफिंग म्हणजे काही अगदी परके शास्त्र नव्हे. आपल्या आई-आजी पितळेचा तांब्या चिंच आणि राखेने घासत आल्या आहेत. चिंचेतील आम्ल धातूवरचा काळपट थर विरघळवते आणि राखेचे बारीक कण घासून तो काढून टाकतात. जुन्या नाशकातील भांडी बाजारात तांब्या-पितळेची भांडी रांगेने चकचकीत मांडलेली आपण पाहतो. सराफ बाजारातील चांदीच्या वस्तूंनाही शेवटचा हात पॉलिशचाच असतो. घासण्यातून पडणारा कणसुद्धा तेथे वाया जात नाही. सोनारांच्या दुकानातील केर धुऊन त्यातून सोने-चांदी काढणारे झारेकरी हा आपल्याकडचा जुना व्यवसायच आहे.

राखेच्या जागी त्याहून कठीण आणि एकसारखे बारीक कण, हाताच्या जागी कापडाचे चाक आणि मनगटाच्या जागी विजेची मोटार, एवढा बदल केला की बफिंग झाले. तत्त्व तेच, वेग मात्र कितीतरी पटींनी जास्त. आणि या वेगामुळेच सारे धडे नव्याने शिकावे लागतात.

चकाकी म्हणजे काय ?

हा प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याचे उत्तर कळल्याखेरीज काम कळत नाही. पृष्ठभाग सपाट आणि एकसारखा असेल तर त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परत फिरतो आणि आपल्याला त्यात तोंड दिसते. पृष्ठभागावर चरे असतील तर प्रकाश चहूकडे विखुरतो आणि वस्तू मंद दिसते. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही सुमारे निम्मी असते. उरलेले चरे त्याहून बारीक झाले की डोळ्यांना आरसा दिसू लागतो.

म्हणजेच चकाकी ही वरून लावण्याची वस्तू नाही. ते मोठ्या चऱ्यांच्या जागी लहान आणि लहानांच्या जागी त्याहून लहान चरे पाडत जाण्याचे काम आहे. यातील एकही पायरी गाळता येत नाही.

आधी कागद, मग चाक

आम्हाला ज्यांनी काम शिकवले त्यांना सारी शेड मिस्त्रीकाका म्हणे. पहिल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला चाकाजवळ फिरकूही दिले नाही. पितळेच्या ओतीव नळाच्या तोट्या पुढ्यात टाकल्या, एक कानस दिली आणि पॉलिश पेपरचे तुकडे दिले. आम्हाला राग आला. मोटार चालवायला आलो आणि हा माणूस कागद घासायला लावतो ! आमची तोंडे पाहून ते एवढेच म्हणाले, "अरे बाळांनो, कागदावर आळस केला तर बफ चुगली करतो."

ती चुगली आम्ही दुसऱ्याच आठवड्यात पाहिली. घाईने घासलेली एक तोटी बफवर धरली. ती चकाकली खरी, परंतु चकाकीच्या आतून कानशीचे दोन लांब चरे आधीपेक्षा ठळक दिसू लागले. बफने ते काढले नाहीत, उलट कडा गोल करून उठावदार केले. तोटी पुन्हा पहिल्या कागदावर न्यावी लागली.

कागदाचा क्रम असा ठेवावा. ओतकामाचे खड्डे आणि सांध्याची रेघ कानशीने काढावी. त्यानंतर १२० नंबरचा कागद, मग २२०, मग ३२०, मग ४०० आणि बारीक कामाला ६००. नंबर जितका मोठा तितका कण बारीक, हे लक्षात ठेवावे. प्रत्येक कागदावर घासण्याची दिशा आधीच्या दिशेला आडवी करावी. म्हणजे जुने चरे उभे आणि नवे आडवे दिसतात. उभा चरा एकही उरला नाही याची उजेडात खात्री झाली की मगच पुढचा नंबर घ्यावा. कागद बदलताना वस्तू आणि हात दोन्ही पुसावेत. जाड कागदाचा एक कण बारीक कागदाखाली राहिला तर सारे श्रम वाया जातात.

ज्या मित्रांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा अभ्यासक्रम केला आहे त्यांना कानशीचे महिने आठवत असतील. कंटाळवाणे वाटलेले तेच महिने येथे उपयोगी पडतात.

चाके आणि साबण

चाकांचे प्रकार मुख्यतः चार. पहिले सिसलचे, म्हणजे घायपाताच्या धाग्याचे. ते कडक असते आणि कापण्याचे काम करते. दुसरे जवळ जवळ शिवण घातलेले सुती कापडाचे. तिसरे मधोमधच शिवलेले व कडेला मोकळे असलेले सुती, ते मऊ असते. चौथे फ्लॅनेलचे, शेवटच्या हातासाठी. याखेरीज नमद्याचे टणक चाकही असते. त्यावर सरस लावून कुरुंदाची पूड बसवतात आणि खडबडीत कामाला वापरतात.

कापड स्वतः फारसे काही कापत नाही. कापतो तो त्यावर लावलेला मसाला. शेडमध्ये त्याला साबण म्हणतात, पण त्याने कपडे धुता येत नाहीत. चरबी किंवा मेणात कठीण पूड मिसळून ती वडी केलेली असते. तपकिरी साबण ट्रिपोलीचा, म्हणजे सिलिकायुक्त मातीचा. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम यांच्या पहिल्या हाताला तो चालतो. पांढऱ्यात बहुधा ॲल्युमिनाची पूड असते. हिरव्यात क्रोमियम ऑक्साइड असते, ते स्टेनलेस स्टीलला उत्तम. तांबडा साबण लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे शुद्ध केलेल्या गंजाचाच. तो सोन्या-चांदीच्या शेवटच्या हाताला वापरतात.

नियम एकच : एका चाकाला एकच साबण. तपकिरी लावलेल्या चाकावर तांबडा लावला की ते चाक दोन्ही कामांतून गेले. साबण फिरत्या चाकाला क्षणभरच टेकवावा. जास्त लावला तर वस्तूवर काळे ओघळ उठतात, कमी लावला तर कापड करपते आणि धातू तापतो. चाकावर साबणाचा टणक थर चढला तर लाकडात खिळे ठोकून केलेल्या फणीने ते विंचरून मोकळे करावे.

दाबाचीही रीत आहे. वस्तू चाकाच्या फिरण्याविरुद्ध सरकवली तर धातू जास्त कापला जातो. फिरण्याच्या दिशेने हलक्या हाताने सरकवली तर चकाकी चढते. पहिल्या हाताला कापावे, शेवटच्या हाताला नुसते फिरवावे. काम झाल्यावर वस्तू कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या लाकडी भुशात घोळावी, म्हणजे पाण्याचे डाग पडत नाहीत. त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नये. पितळेवर घामाचे ठसे उमटतात व लॅकरच्या खाली कायमचे राहतात.

वेगाचा हिशेब

येथवर वाचून काम सोपे वाटले असेल तर आता थोडे गणित करू. बफच्या मोटारी साधारणपणे मिनिटाला १४४० किंवा २८८० फेरे घेतात. आठ इंची चाकाचा परीघ सुमारे ६४ सेंटीमीटर. २८८० फेऱ्यांना चाकाची कड मिनिटाला सुमारे १८०० मीटर जाते, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. मुंबई-आग्रा महामार्गावर भरधाव जाणाऱ्या मोटारीचा हा वेग. त्या वेगाच्या कडेपाशी आपण बोटे नेतो, हे कधीही विसरू नये. त्याच मोटारीवर मोठे चाक चढवले तर कडेचा वेग आणखी वाढतो. म्हणून चाकावर लिहिलेल्या फेऱ्यांच्या मर्यादेपलीकडे ते चालवू नये.

चाक आपल्या समोरच्या बाजूने वरून खाली फिरते. वस्तू नेहमी चाकाच्या मध्यरेषेच्या थोडी खाली धरावी. हातातून सुटली तर ती खाली जाते. मध्यरेषेच्या वर धरली तर चाक तिला आत ओढते किंवा तोंडावर फेकते. वस्तूची वरची कड, म्हणजे चाक जिच्यावर प्रथम आदळते ती कड, चाकाला कधीही देऊ नये. मध्यापासून सुरुवात करून खालच्या कडेवरून बाहेर पडावे. मग वस्तू उलटी करून उरलेला भाग करावा. साखळ्या, कड्या, पातळ पत्रे आणि भोके असलेल्या वस्तू सर्वांत घातक. त्या लाकडी फळीवर पक्क्या बसवूनच चाकाला द्याव्यात.

चाक बसवताना आणखी एक गोष्ट दिसेल. दोन टोकांच्या दांड्यावर उजवीकडे सरळ आटे असतात आणि डावीकडे उलटे. ही कारखानदाराची चूक नव्हे. फिरण्याच्या झटक्याने नट सैल न होता घट्ट व्हावा म्हणून ती योजना आहे. नवे चाक चढवल्यावर मोटार सुरू करून मिनिटभर बाजूला उभे राहावे, समोर नव्हे.

हातमोजे घालावेत का, असे नवीन मुले विचारतात. सैल कापडी हातमोजा चाकात सापडला तर बोटासह जातो. म्हणून तो घालू नये. वस्तू तापली तर थांबावे आणि तिला थंड होऊ द्यावे. अंगठी, घड्याळ, मनगटाचा दोरा, लांब बाही, ओढणी, मोकळे केस, साडीचा पदर, यांतले काहीही चाकाजवळ नसावे. डोळ्यांवर चष्मा असावा.

एक थंडीतली सकाळ

नाशिकची थंडी सर्वांना ठाऊक आहे. एका डिसेंबरात सकाळच्या पाळीला आमच्यातील एकाने मफलर काढला नाही. तो साबण घ्यायला वाकला आणि मफलरचे टोक चाकात गेले. मोटारीचे बटण होते मागच्या भिंतीवर, पाच पावलांवर. तो स्वतः तेथवर पोहोचू शकत नव्हता आणि आम्हाला काय झाले हे कळेपर्यंत त्याचा गळा चाकाच्या वितभर अंतरावर आला होता. चाक मोटारीवर थेट नव्हते, पट्ट्यावर चालत होते. ओढ वाढली तसा जुना पट्टा घसरला आणि चाक मंदावले. तेवढ्यात कोणीतरी बटण बंद केले.

तो वाचला तो जुन्या पट्ट्यामुळे. मालकाने नवा घट्ट पट्टा टाकला असता तर हा लेख वेगळ्या तऱ्हेने लिहावा लागला असता. त्या दिवसापासून आम्ही कोणत्याही शेडमध्ये गेलो की आधी बटण कोठे आहे ते पाहतो. उभ्या जागेवरून हाताने किंवा पायाने बंद करता येत नसेल तर त्या चाकावर उभे राहू नये.

न दिसणारी इजा

चाकात हात गेला तर सर्वांना दिसते. श्वासातून आत जाते ते दिसत नाही. बफमधून उडणाऱ्या धुळीत कापडाचे तंतू, साबणाची पूड आणि धातूचे कण असतात. ट्रिपोलीत सिलिका असते. सिलिकाची अतिबारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली की सिलिकॉसिस होतो. तो बरा होत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड शहरात वाळूच्या दगडावर कोरडे काटे-चाकू घासणारे कामगार तरुणपणीच या रोगाने दगावत. धंदा बदलला, देश बदलला, तरी फुप्फुस तेच आहे.

दुसरा धोका शिशाचा. यंत्रावर सहज कापले जावे म्हणून नळ व जोडणीच्या पितळेत दोन-तीन टक्क्यांपर्यंत शिसे घातलेले असते. ती धूळ हातावर, कपड्यांवर बसते. हात न धुता भाकरी खाल्ली की ती पोटात जाते. कामाचे कपडे घालून लहान मुलाला उचलून घेतले तर त्याच्याही पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिसे फार बाधते. म्हणून कामाचे कपडे शेडमध्येच बदलावेत आणि घरी वेगळे धुवावेत. हात साबणाने धुतल्याशिवाय विडी, तंबाखू, चहा काहीही घेऊ नये.

रुमाल तोंडाला बांधल्याने तंतू अडतात, बारीक धूळ अडत नाही. त्यासाठी धुळीचा खरा मास्क हवा. आणि मास्कपेक्षा चाकामागे बसवलेला, धूळ ओढून नेणारा पंखा हवा. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १४ ने हेच सांगितले होते की, धूळ ओढून घेण्याचे साधन धूळ निघते त्या जागेच्या शक्य तितके जवळ असावे. जमिनीवरची धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कपड्यांवर हवेचा पाइप मारू नये.

ॲल्युमिनियमची धूळ तर पेटते. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमधील कुन्शान येथे मोटारीच्या ॲल्युमिनियम चाकांचे पॉलिश करणाऱ्या कारखान्यात साठलेल्या धुळीचा स्फोट झाला आणि शंभराहून अधिक कामगार प्राणास मुकले. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांचे काम एकाच धूळ-नळीवर करू नये. पोलादाची एक ठिणगीही पुरते.

पालकांसाठी

दहावीच्या सुट्टीत मुलगा बफवर जातो, चार पैसे आणतो, हे पाहून घरी बरे वाटते. आम्ही कोणाच्या अडचणीला नावे ठेवत नाही. परंतु १० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बालमजुरीसंबंधी दिलेल्या निकालात ज्या नऊ उद्योगांवर प्रथम कारवाई करावी असे म्हटले होते, त्यांत मुरादाबादचा पितळ उद्योग आणि अलीगडचा कुलूप उद्योग होता. या दोन्ही उद्योगांत धातूचे पॉलिश हे मोठे काम आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयाच्या मुलांनाही धोक्याच्या कामावर ठेवण्यास बंदी झाली. वाढत्या वयाच्या फुप्फुसाला ही धूळ नको, हा त्यामागचा साधा विचार आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत मुलांनी कानस शिकावी, कागद शिकावा, नंबर आणि साबण ओळखावेत. चाक कोठे पळून जात नाही.

कामावर जाण्यापूर्वी

तात्पर्य, नव्या शेडमध्ये पाऊल टाकण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात. बटण हाताशी आहे का ? चाकाला मागून झाकण आणि धूळ ओढणारा पंखा आहे का ? मास्क आणि चष्मा मिळतो का ? हात धुण्यास पाणी व कपडे बदलण्यास जागा आहे का ? आणि कामगार विम्यात आपले नाव घातले जाते का ? सिलिकॉसिस आणि शिशाची बाधा हे दोन्ही व्यवसायजन्य आजार म्हणून कायद्याने मानलेले आहेत, आणि सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे. परंतु नोंदच नसेल तर उपचार आणि भरपाई मिळवणे अवघड होते. हे प्रश्न विचारताना संकोच वाटतो हे आम्हाला माहीत आहे. एकट्याने विचारवत नसेल तर दोघा-तिघांनी मिळून विचारावेत.

बहुतेक ठिकाणी मजुरी नगावर मिळते. त्यामुळे कागदाच्या दोन पायऱ्या गाळून चाकावर जोर देण्याचा मोह होतो. जोर दिला की वस्तू तापते, निसटते, धूळ दुप्पट उडते आणि माल परत येतो. आमचा अनुभव असा आहे की, ज्याचे कागदाचे काम चोख त्याला चाकावर थोडाच वेळ उभे राहावे लागते. त्याचा माल परत येत नाही, बोटे शाबूत राहतात आणि धूळही कमी जाते. चांगले काम आणि सुरक्षित काम ही येथे दोन वेगळी कामे नाहीत.

मिस्त्रीकाका आता काम करीत नाहीत. चार जिने चढले की त्यांना दम लागतो. त्यांच्या काळी पंखे नव्हते आणि मास्क कोणी मागत नसे. त्यांनी पॉलिश केलेल्या कड्या नाशकातील कितीतरी दारांवर अजून चकाकत असतील. ज्यांना हे काम शिकावयाचे आहे त्यांनी आमच्याकडे अवश्य यावे. कागद आणि कानस आम्ही देऊ. मफलर मात्र घरी ठेवून यावा.